व्हीआयपी पास कुठल्या भाषेत छापायचा?

गावच्या जत्रा कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात माझ्या आईचा एक फोटो बराच फिरला. अंगावर इरकली साडी, पायात नातीचे पांढरे बूट, गळ्यात फितीला अडकवलेला पास आणि मागं लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल स्टुडिओबाहेरचा तो फिरणारा पृथ्वीचा गोळा. फोटो मीच टाकला होता, कौतुकानं. चार दिवसांनी माझ्या चुलतभावानं तोच परत टाकला, आणि या खेपेस आईच्या गळ्यातल्या पासाभोवती तांबडा गोल काढलेला. खाली मजकूर : "अमेरिकेतसुद्धा व्हीआयपी रांग हाय. काकी स्वतः जाऊन आल्यात. मग आमच्या जत्रेत केली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय?"

असा मी कुणी न बोलावता साक्षीदार झालो. साक्ष काढलीच आहे तर ती पुरी द्यावी म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. बेळगाव भागातल्या महालक्ष्मीच्या जत्रा दरवर्षी भरत नाहीत. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, काही गावांत तर मधे एक पिढी उलटून जाते. आमची यंदा बावीस वर्षांनी आहे. मागच्या जत्रेवेळी मी बेळगावात इंजिनिअरिंगला होतो आणि मांडवात पाणी वाटायचं काम माझ्याकडं होतं. लाकडी मूर्तीला नवा रंग चढतो, पहाटे देवीचं लग्न लागतं, भंडारा उधळत ती गावभर मिरवते आणि मग गदगेवर, म्हणजे तिच्या आसनावर, येऊन बसते. तिथं नऊ दिवस ओट्या भरायला रीघ लागते. एकेका घरात शंभर-दीडशे पाव्हणे जेवून जातात. त्यासाठी लोक सोसायटीचं कर्ज काढतात, आणि पुढची तीन वर्षं ते फेडत त्याच जत्रेच्या गोष्टी सांगतात.

तर कमिटीनं ठरवलं की यंदा तीनशे रुपयांचा विशेष दर्शन पास काढायचा आणि पाच हजारांच्या वर देणगी देणाऱ्याच्या घरच्या माणसांना मागच्या दारानं थेट आत सोडायचं. कमिटीचं म्हणणं वेडगळ नाही. मांडव, लाइट, जनरेटर, पाण्याचे टँकर, बंदोबस्त, नऊ दिवसांचा कचरा. घरटी पट्टी वाढवून वाढवून किती वाढवणार? तिरुपतीला तीनशेचं तिकीट आहेच. देवस्थानांतल्या पैसे भरून घ्यायच्या दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये ऐकून घ्यायला नकार दिला. हे काम मंदिरांचं आणि समाजाचं, असं म्हटलं. म्हणजे कायद्याची आडकाठीही नाही.

यावर ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज पडले. इथं अमेरिकेत रात्र म्हणजे तिकडं सकाळ, त्यामुळं मी जागून सगळे वाचले. पहिले दहा-बारा सोडले तर उरलेले सगळे एकाच गोष्टीवर होते : पास कुठल्या भाषेत छापायचा.

एकाचं म्हणणं, गाव मराठी, आरत्या मराठी, पास मराठीतच. दुसऱ्याचं म्हणणं, निम्मे पाव्हणे कन्नड बोलणारे, कित्तूर-बैलहोंगलकडचे, त्यांना वाचता यायला नको? तिसऱ्यानं कायदा काढला. २०२४ पासून दुकानांच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं, तर पास ही पाटी धरायची काय? चौथ्यानं विचारलं, एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळा दिवस पाळायचा आणि देवीच्या पासावर वर कन्नड घालायचं, हे कुठल्या तोंडानं? मग कुणीतरी सीमालढ्यातल्या १७ जानेवारीच्या हुतात्म्यांची आठवण काढली आणि अर्धा दिवस सगळे गप्प झाले. शेवटी एका शाळामास्तरांनी तोड काढली. वर कन्नड, खाली मराठी, अक्षर दोन्हीचं एकाच मापाचं. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला.

पास असावा की नसावा, हे या सगळ्यात कधी मंजूर होऊन गेलं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गैरसमज नको. पाटीचा प्रश्न फालतू आहे असं मी अमेरिकेत बसून म्हणणार नाही. माझे वडील जमिनीचा कन्नड उतारा घेऊन दर वेळी गल्लीतल्या एका कन्नड येणाऱ्या मास्तरांकडं जायचे, आणि मास्तर वाचून दाखवीपर्यंत वडिलांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी लहानपणी पाहिलंय. आपल्याच जमिनीवर काय लिहिलंय ते दुसऱ्यानं वाचून सांगायचं. महाराष्ट्रानं सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो २००४ साली. तेव्हा मी कॉलेजात होतो, आता माझी मुलगी कॉलेजचे फॉर्म भरतेय, आणि दावा आहे तिथंच आहे. रांगेत उभं राहायचा सराव आमच्या भागातल्या माणसाइतका क्वचित कुणाला असेल. म्हणूनच दोनशे मेसेजांत रांगेबद्दल कुणी बोलेना याचं मला नवल वाटलं.

आता त्या फोटोतल्या दिवसाबद्दल.

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात. बेळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, तिनं "जत्रा होऊ दे, मग बघू" म्हणून ढकललंय. ती तीन महिन्यांसाठी इकडं आली तेव्हा नातीनं हट्ट धरला की आजीला युनिव्हर्सल दाखवायचं. तिथं चाकाची खुर्ची भाड्यानं मिळते. आईनं ती बघूनच सांगितलं, "मला काय दवाखान्यात आणलायस?" मग राहिला एकच मार्ग. व्हीआयपी तिकीट, माणशी चारशे डॉलरच्या घरात. मी आकडा सांगितला नव्हता. तिनं तो नातीकडनं काढून घेतला, फोनवर रुपयात करून घेतला आणि नाश्त्याच्या टेबलावर म्हणाली, "एका माणसाचे पस्तीस हजार? एवढ्यात आपल्या मांडवाचं छप्पर हुतंय की रे."

दिवस मात्र झकास गेला, ते लपवण्यात अर्थ नाही. गाडी दारात सोडायची, लावायला दुसरा माणूस. आत वेगळी बैठक, न्याहारी. आमच्या दहा-बारा जणांच्या गटाला एक हसतमुख पोरगा गाईड म्हणून दिलेला. आईची चाल बघून तो आपोआप सावकाश चालायला लागला. स्टुडिओची गाडीतून फेरी तिथं १९६४ पासून चालू आहे. सगळ्यांसाठी लांबलचक ट्राम असते आणि तिच्यातून उतरता येत नाही. आम्हाला वेगळी छोटी गाडी, आणि उतरून सेटवर फिरायची मुभा. एका गावच्या चौकात उतरलो. कोर्टाची इमारत, दुकानं, घड्याळ. आईनं सरळ जाऊन कोर्टाच्या खांबावर बोटानं टकटक केलं. "पोकळ हाय." मग इमारतीला वळसा घालून मागं गेली आणि तिथं नुसते लाकडी टेकू बघून इतकी खूश झाली की नातीला हाक मारून दाखवलं. पुढं एका वस्तीवर विमान कोसळल्याचा सेट आहे. विमान मात्र खरं, जुनं बोइंग ७४७ आणून, कापून पसरलेलं. खुर्च्या बाहेर आलेल्या, घरांची कौलं उडालेली. हे खोटं, यात कोणी मेलेलं नाही, असं आम्ही दोनदा सांगितलं. तिनं तरी चप्पल काढावी तसे बूट काढले आणि हात जोडले. गाईडनं टोपी काढली. त्याला काय वाटलं कोण जाणे.

तो स्टुडिओ डोंगरावर आहे. वरचा भाग आणि खालचा भाग यांना जोडणारे सरकते जिने इतके लांब आहेत की खालचं टोक नीट दिसत नाही. आईनं एका हातानं माझा दंड धरला, दुसऱ्यानं त्या गाईडचा, डोळे मिटले आणि "विठ्ठल विठ्ठल" करत उतरली. चार टप्प्यांत जेवढा नामजप झाला तेवढा वारीत होत नसेल.

आणि मग ती रांग. पडद्यासमोर गाडीत बसून फिरायचं, उलटंपालटं न करणारं एक राइड होतं. बाहेर पाटीवर थांबायचा वेळ : ९५ मिनिटं. गाईड आम्हाला बाजूच्या दारानं घेऊन गेला. आत जिथं दोन्ही वाटा एक होतात तिथं एक मुलगी उभी होती. तिनं मोठ्या रांगेपुढं हात आडवा धरला आणि आम्हाला हसून पुढं घातलं. हाताच्या पलीकडं सगळ्यात पुढं एक म्हातारी होती, आईच्याच वयाची, कठड्याला टेकलेली, एक पाय उचलून गुडघा चोळत. नातवाशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलत होती. पाठीवरची पिशवी नातवाकडं, त्यातून घरचा डबा डोकावत होता. आई थांबली. तिनं त्या म्हातारीला हातानं खूण केली, तुम्ही व्हा पुढं. ती हसली, तिनं उलटी खूण केली, तुम्हीच जा. मागं लोक, पुढं रिकामी गाडी, आणि या दोघी लग्नाच्या पंगतीत करतात तसं "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करत उभ्या. शेवटी हात आडवा धरणाऱ्या मुलीनं आईला अलगद पुढं घेतलं.

राइडवरून उतरल्यावर कसं वाटलं असं मुलीनं विचारलं. आई म्हणाली, "तिचे पण गुडघेच दुखत हुते."

चुलतभावानं ज्या पासाभोवती गोल काढलाय त्याची ही हकीकत. पास खरा, रांग तोडली तीही खरी, आणि ज्या कारणासाठी मी तो घेतला तेच कारण पलीकडच्या म्हातारीकडंही होतं. फरक एवढाच की तिच्या मुलाकडं माणशी चारशे डॉलर नव्हते.

युनिव्हर्सलच्या त्या बागेतल्या पाट्या इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही होत्या. कॅलिफोर्नियात गाडी चालवायची लेखी परीक्षा स्पॅनिशमध्ये देता येते, मतपत्रिका मिळते. आमच्या सीमाभागातल्या माणसानं बघून हरखून जावं असं आहे ते, मी हरखलोही होतो. त्या म्हातारीला तिच्या भाषेतली पाटी मिळालीय. तिनं ती नक्की वाचली असणार : थांबायचा वेळ ९५ मिनिटं.

रांग विकायचा धंदा इथं कसा वाढला तेही सांगतो, कारण आमच्या ग्रुपवरचे काहीजण म्हणतात, "एकदा करून तर बघू, नाही जमलं तर बंद." डिस्नेलँड १९५५ ला कॅलिफोर्नियात उघडलं तेव्हा आणि पुढं कित्येक वर्षं प्रत्येक राइडची कुपनं असायची. महाग राइडला महाग कुपन, पण एकदा रांगेत आलात की मागचा तो मागं, पुढचा तो पुढं. १९९९ साली फास्टपास आला. तो फुकट होता आणि सगळ्यांना मिळायचा. चिठ्ठी घ्यायची, दिलेल्या वेळेला यायचं, मधे दुसरीकडं फिरायचं. चांगली कल्पना. २०२१ मध्ये तो गेला आणि तेच पैसे भरून घ्यायची सोय आली. त्यापलीकडं खासगी गाईडची सोय आहे, दर तासावर, निदान सात तास घ्यायचे, जास्तीत जास्त दहा माणसं. बंद काहीच झालं नाही. वीस-बावीस वर्षांत फुकटाचं विकत झालं एवढंच.

त्याहून वाईट एक प्रकार २०१३ साली गाजला. अपंग माणसांना डिस्नेच्या बागांत रांगेत ताटकळावं लागू नये म्हणून वेगळी सवलत होती. न्यूयॉर्कमधली काही पैसेवाली घरं अपंग माणसाला तासावर भाड्यानं घेतात आणि त्याच्याबरोबर आपलं कुटुंब पुढं घालतात, असं बाहेर आलं. त्याच वर्षी डिस्नेनं ती पद्धत बदलली. आमच्या गावातलं कुणी असलं करणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. वयस्करांसाठी वेगळी वाट केलीत तर एकेका आजीला धरून चार-चार धडधाकट नातू आत शिरतील, आणि त्यातले दोन नातू तिचे नसतील.

मी धंद्यानं इंजिनिअर आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. समजा एका बाईला ओटी भरून, भंडारा लावून बाजूला व्हायला वीस सेकंद लागतात. म्हणजे तासाला १८० बायका. तुमच्यापुढं ६०० असतील तर ३ तास २० मिनिटं. आता दर तिसरी बाई पासवाली आत सोडली तर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला १२० येतात, आणि तेच ६०० जण पाच तास घेतात. पासवालीचा वाचलेला वेळ कुणीतरी उन्हात उभं राहून भरत असतो. आणि यातली खरी मेख पुढं आहे. साधी रांग अर्ध्या तासाची असेल तर तीनशे रुपये कोण देईल? पास खपायचा तर साधी रांग लांब असावी लागते. आज कमिटी रांग कमी कशी करायची याच्या विचारात असते. पासाचे पैसे यायला लागले की रांग कमी करायची घाई तिला उरेल काय? कमिटीतली माणसं वाईट म्हणून नव्हे, जनरेटरचं बिल तिथून जातंय म्हणून.

ग्रुपवर उलट्या बाजूचेही लोक आहेत. पुण्यातले एक पाव्हणे रोज लिहितात की व्हीआयपी हे आपल्याच देशाचं खूळ, परदेशात बघा, मंत्रीसुद्धा रांगेत. त्यांनाही सांगायला हवं, की ते अर्धंच बरोबर आहे. इथं बँकेत, टपाल कार्यालयात, शाळेच्या दारात कुणी "मी अमक्याचा माणूस" म्हणून पुढं गेला तर लोक तोंडावर बोलतात. हे मला आवडतं आणि इथं राहून माझ्याही अंगात ते भिनलंय. बेळगावला आलो की खडेबाजारात दुकानदारानं मला ओळखून आधी दिलं तर मीच चपापतो. पण ओळखीवर न मिळणारी गोष्ट पैशावर बिनबोभाट मिळते, आणि तिथं कुणी ब्र काढत नाही. आपल्याकडं लाल दिव्याच्या गाड्या १ मे २०१७ पासून बंद झाल्या तेव्हा टाळ्या पडल्या. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर व्हीआयपी पास रद्द केले गेले. माणसं गेल्यावर. दिवा निघाला, पास आला, एवढाच प्रवास दिसतो मला.

गावची जत्रा तरी कधी सरळ रांगेची होती म्हणा. पहिली ओटी मानकऱ्यांची. पाटलांचा मान, सुताराचा मान, ज्याचा त्याचा ठरलेला. काही वस्त्यांची ओटी नेहमी शेवटी पोचायची, हे माझ्या आज्जीनं मला सहज सांगावं तसं सांगितलं होतं आणि मीही सहज ऐकून घेतलं होतं. तेव्हा पासाविरुद्ध बोलताना "आपली जुनी समता" वगैरे शब्द कुणी काढू नयेत. मानकऱ्याच्या मागं निदान नऊ दिवसांचं काम असतं, सुतार मूर्ती करतो, कुणी रथ ओढतो, कुणी रात्रभर जागतो. पाच हजारवाला आदल्या दिवशी येणार आणि दुसऱ्या दिवशी जाणार. मी पाच हजारवालाच आहे, म्हणून बोलतो. माझ्या नावाचा पास कमिटीनं काढूनही ठेवलाय, त्याचा फोटो आलाय.

माझ्या दोन मावस बहिणी आहेत. थोरली खानापुरात दिली, धाकटी सीमेपलीकडं चंदगड तालुक्यात. मागच्या दिवाळीत दोघी बेळगावहून एकाच कर्नाटकाच्या बसनं गावी आल्या, एकाच बाकावर. थोरलीच्या आधारवर कर्नाटकाचा पत्ता, तिला २०२३ पासूनच्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट. धाकटीचा पत्ता महाराष्ट्राचा, तिला पूर्ण पैसे. ती महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीत बसली की तिला अर्धं तिकीट, थोरलीला त्याचं कौतुक. धाकटी म्हणाली, "आईच्या पोटात हुतो तवा दोघींचा पत्ता एकच हुता." कंडक्टर हसला, पण तिकीट फाडलंच, त्याचं काम आहे ते. २०२५ च्या फेब्रुवारीत बसमधल्या भाषेच्या भांडणावरून दोन्हीकडच्या गाड्या काही दिवस सीमेवर अडल्या तेव्हा शून्यवाली आणि पूर्णवाली दोघीही घरी बसल्या.

या दोघी जत्रेला येणार. एकीकडं तीनशे रुपये आहेत, एकीकडं नाहीत. कुठलीकडं ते सांगत नाही. एकाच मावशीच्या दोन लेकी माहेरच्या देवीपुढं दोन वेगळ्या दारांनी येतील आणि मांडवात एकमेकींना शोधतील. बागेत ते खपून जातं. त्या स्पॅनिश बोलणाऱ्या म्हातारीची आणि आईची पुन्हा गाठ पडायची नाही, तिनं काय मनात धरलं असलं तरी ते तिच्याबरोबर गेलं. गावात मागच्या रांगेतली बाई तुमच्या शेजारची असते. उद्या भात कापणीला तिलाच बोलवायचं असतं.

आणि रांग म्हणजे निव्वळ त्रास, हेही शहरात राहिलेल्यांचं गणित. बावीस वर्षांपूर्वी मी पाणी वाटत होतो तेव्हा रांगेतल्या बायकांना पुढं सरकायची घाईच नव्हती. लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणी तिथंच भेटायच्या. एक मराठीत विचारायची, दुसरी कन्नडमध्ये उत्तर द्यायची, दोघींना सगळं कळायचं. तांब्या पुढं केला की "थांब रे जरा" म्हणून आधी बोलणं पुरं करायच्या. आईची एक बालमैत्रीण त्या रांगेत तिला पंधरा वर्षांनी भेटली होती. यंदाही तिला तिथंच गाठायची म्हणून आईनं परतीचं तिकीट जत्रेच्या आधीचं काढायला लावलंय. आतल्या दारानं गेली तर ती भेटायची कशी?

तरीही गुडघे आहेतच. ज्यांना पास हवाय त्यांतल्या निम्म्यांच्या घरी माझ्या आईसारखं कुणीतरी आहे, त्यांना नुसतं "रांग पवित्र" सांगून भागणार नाही. मी ग्रुपवर लिहिलं ते असं. गल्लीवार वेळ द्या, सकाळी वरची गल्ली, दुपारी खालची, संध्याकाळी पाव्हणे. म्हणजे १९९९ चा फुकटचा फास्टपास, चिठ्ठी आणि वेळ. मांडवाच्या आत दोनशे खुर्च्या ओळीनं मांडा, बसूनच पुढं सरकायचं, दवाखान्यात नंबर सरकतात तसं. वर सावली, शेवटच्या खुर्चीपर्यंत ताक. साठीच्या वरच्या बाईबरोबर एकच माणूस. आणि खर्चासाठी पाच हजारवाल्यांकडून दहा हजार घ्या, बदल्यात काही देऊ नका. माझा पास फाडून टाका, तेही लिहिलं.

मेसेज १४३ जणांनी वाचल्याचं दिसतंय. तोवर छापखान्यातून पासाचा नमुना आला होता. वर कन्नड, खाली मराठी, अक्षर एकाच मापाचं, ठरल्याप्रमाणं. फक्त मराठीत "विशेष"चा षटकोनातला ष शहामृगातला श झाला होता. त्यावर एकोणतीस दुरुस्त्या आल्या. एकानं हा कट असल्याचं सुचवलं. छापखानेवाला स्वतः मराठी आहे हे कळल्यावर तो गप्प झाला.

माझ्या मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, चुलतभावाचं, खासगीत.

"दादा, खुर्च्यांचं बरं सुचवलास. दोनशे खुर्च्या तू देतोस काय?"

देतो म्हटलं.

"मग पाठीवर तुझं नाव घालतो. मराठीत घालू, का दोन्हीत?"